मद्रासकडची वादळं

आमच्या थोरल्या काकींचं तोंड पेठेतल्या एकाही परक्या पुरुषानं पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांचा आवाज ओळखत नाही असा एकही पुरुष पेठेत नव्हता. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीच्या आधी, आमच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, माणसं जमायची आणि आतल्या खोलीच्या अर्धवट लोटलेल्या दारामागून काकी पुण्याचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायच्या. तेव्हा त्याला नुसतं 'पत्र' म्हणायचे. आवाज खणखणीत, घाई कसली ती नाही, आणि लांबलचक वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत दम म्हणून घ्यायच्या नाहीत. पुण्याचा संपादक कोणी मिशीवाला असेल हे आमच्या पेठेत कुणाच्या ध्यानातच येत नसावं. त्यांच्या लेखी संपादक आमच्या माजघरात बसलेला होता.

आमचं घर काही सरदाराचं नव्हे. आजोबा, म्हणजे आमचे आबा, कोल्हापूर दरबारच्या पागेत जमादार होते. घोडी राखण्यात हयात गेली आणि मोतीबिंदूनं डोळे गेले तेव्हा घरी बसले. पण सरदारांच्या घरचा गोषा आमच्यासारख्यांनी सरदारांपेक्षा कडक पाळायचा, अशी तेव्हाची रीत होती. काकी घराबाहेर पडायच्या त्या बैलांच्या दमणीतून, चारी बाजूंनी पडदे सोडून. अंबाबाईच्या दर्शनाला, नाहीतर माहेरी कोडोलीला, आणि तेही सणावारी. काका शिकारखान्यात नोकरीला, महिन्यातले बरेचसे दिवस रानात. पोटी मूलबाळ नाही. चूल, मागचं अंगण आणि पत्र एवढंच काकींचं जग, आणि त्यातलं बाहेरचं म्हणावं असं फक्त पत्र.

हे वाचन सुरू झालं ते माझ्या वडिलांच्या कृपेनं. आबांचे डोळे गेल्यावर पहिल्यांदा वडीलच वाचून दाखवायचे. ते कचेरीत कारकून. दिवसभर दुसऱ्याचं वाचून कंटाळलेले असायचे आणि घरी आल्यावर आबांचं वाचायचे. आबा वैतागायचे. "तू वाचतूस का दाढ दुखून कण्हतूस रं?" एकदा वडील एका शब्दाला अडखळले, मागे आले, पुन्हा अडखळले, आणि आतून कोणीतरी तो शब्द स्वच्छ उच्चारला. आबांनी विचारलं, "कोण बोललं?" लगेच आवाज चढवून, "कोण बोललं म्हणतोय मी!" मग आतून बारीक आवाज आला, "मी, मामंजी." काकींचे वडील कोडोलीला शाळामास्तर होते, त्यांनी मुलीला घरीच पाटीवर शिकवलं होतं. लग्न होऊन इतके दिवस झाले तरी ही गोष्ट आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हती, कारण कोणी विचारलीच नव्हती. आबा जरा वेळ मिशी ओढत बसले. मग म्हणाले, "दार थोडं उघडं ठेवा. बाहेर यायचं न्हाय. वाच."

तेव्हापासून पत्राच्या दिवशी काकी सकाळपासूनच वेगळ्या दिसायच्या. भाकऱ्या लवकर उरकायच्या, हात धुवून, पाट मांडून दाराशी बसायच्या. पत्र शेवटच्या पानापासून उघडायचं, आधी गुळाचे भाव सांगायचे, कारण ऐकणाऱ्यांत निम्म्यांचा ऊस असायचा. मग मोठा लेख. सोप्यावरच्या दोन जागा ठरलेल्या होत्या. आबांच्या उजव्या हाताला गफूरचाचा. ते समोरच राहायचे, पागेला खोगिरं करून द्यायचे, आबांचे जिवाभावाचे दोस्त. आणि खांबाला टेकून तालमीचे वस्ताद. रशिया आणि जपानची लढाई चालली तेव्हा वस्तादांनी जपानची बाजू घेतली, कारण बुटक्या पैलवानानं आडदांडाला चीत करावं हे त्यांना मनापासून पटायचं. जपान कुठं आहे हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. तसं ते मलाही कुठं ठाऊक होतं?

वाचन संपलं की सगळे आबांकडे बघायचे. आबा घसा खाकरून दोन वाक्यं बोलायचे, आणि ते पेठेचं मत व्हायचं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, पानाच्या दुकानात, तालमीच्या हौद्यात तीच दोन वाक्यं ऐकू यायची, आणि जो तो ती स्वतःला सुचल्यासारखी बोलायचा. मला त्याचं हसू यायचं. आता म्हातारपणी तेवढं येत नाही. सकाळी मी पत्र वाचते आणि संध्याकाळी शेजारणीला तावातावानं जे सांगते, त्यातलं माझं किती आणि छापलेलं किती, याचा हिशेब मलाही लागत नाही.

आबांचं मत तयार करणारी माणसं दोनच होती, एक महाराज आणि एक ते पुण्याचं पत्र. महाराजांना ते 'धनी' म्हणायचे, आणि नुसतं म्हणतानासुद्धा पाठ ताठ करायचे. पत्र त्यांना आवडायचं ते गोऱ्या साहेबाला ठणकावतं म्हणून. तसलं काही वाचलं की मांडीवर थाप मारून, "अस्सं पायजे!" हे दोघं एकमेकांच्या विरोधात उभे राहतील असं आबांच्या स्वप्नातही नव्हतं. पण दिवस बदलले. महाराजांनी मागासलेल्या जातींना नोकऱ्यांत जागा द्यायला सुरुवात केली, धर्मकृत्यांवरून वाद पेटला, आणि पुण्याच्या पत्राची जीभ साहेबावरून वळून आमच्या दरबारावर आली.

तसला पहिला लेख काकींनी आहे तसा वाचला. त्यांना तरी काय कल्पना? आबा ऐकता ऐकता उभे राहिले, थरथरायला लागले, "धन्याला बोलतूस? माझ्या धन्याला?" असं ओरडले आणि तिथंच कोसळले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. पुष्कळ दिवसांनी ते बसते झाले. वैद्यांनी घरच्यांना बजावलं, राग आला की हा माणूस हातचा गेला म्हणून समजा. आणि आबांनी बोलता यायला लागल्यावर पहिल्यांदा काय सांगावं? "धन्याच्या विरोधात परत एक शबुद आला, तर ते पत्र हुंबऱ्याच्या आत यायचं न्हाय."

म्हणजे काकींची दोन्हीकडून कोंडी झाली. खरं वाचावं तर आबा जातील, आणि आबा वाचले तर पत्र जाईल. त्यांच्या जागी दुसरी कोणी असती तर डोकं दुखतंय म्हणून पाटावरून उठली असती. काकी उठल्या नाहीत. दरबारावरचा लेख आला की त्या तो सरळ ओलांडायच्या आणि पुढं कुठला तरी निरुपद्रवी मजकूर घ्यायच्या. पण पत्राची लांबी सगळ्यांच्या कानात बसलेली. एवढ्यात कसं संपलं, असं कोणी विचारू नये म्हणून भर घालावी लागायची. काकींनी भर घातली ती वादळाची. मद्रासकडे वादळ झालं, झाडं मुळासकट उपटली, मचवे किनाऱ्याला येऊन आपटले, कौलं उडाली. हे सगळं पत्राच्याच जड भाषेत, एकदाही न अडखळता. दरबारावर टीका वाढत गेली तसा मद्रासचा समुद्र खवळत गेला. आबा हळहळायचे. "काय पाप केलंय त्या मद्रासवाल्यांनी, कुणास ठावं!" एकदा गफूरचाचांनी तिथल्या लोकांसाठी पेठेतून धान्य गोळा करायची गोष्ट काढली. मग मात्र काकींनी पुढचा महिनाभर मद्रासला चांगली हवा दिली.

मला हे कळलं, कारण त्याच पत्रावर बोट ठेवून काकी मला अक्षरं शिकवत होत्या. एका संध्याकाळी त्यांचं बोट एका ओळीवर आणि तोंड दुसरंच बोलतंय, असं माझ्या ध्यानात आलं. लोक उठून गेल्यावर मी विचारलं, "काकी, हितं वादळ कुठं हाय?" त्या दचकल्या नाहीत. पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "दुधात पाणी घालणाऱ्याला गवळी म्हणत्यात. पत्रात वादळ घालणाऱ्याला काय म्हणायचं, सांग बघू." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "माणूस जगाय पायजे, पोरी. आणि मी बी जगाय पायजे. हे पत्र गेलं तर ह्या चार भिंतीत मी कुणाचं तोंड बघू?" गाळलेले लेख त्या स्वतः मात्र चुलीपुढं बसून दोनदोनदा वाचायच्या. वाचताना कधी मान हलवायच्या, कधी दात खायच्या. पेठेत सगळ्यांना एकच बाजू ठाऊक होती. दुसरी ठाऊक असलेलं माणूस आमच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होतं.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की पुण्याचा तो संपादक आबांच्या डोळ्यांत महाराजांचा मोठा कैवारी ठरला. आबा त्याला दुवा द्यायचे. "असला माणूस दरबारात पायजे. धन्यानं एकदा बोलावून पागोटं बांधावं." दारामागं काकी डोक्याला हात लावायच्या.

शेवटी व्हायचं ते झालं. कोल्हापुरातही आता पत्रं निघत होती, ती पुण्याच्या पत्राला सणसणीत उत्तरं देत होती, आणि शाळेत जाणारी पोरं ती वाचून पेटली होती. पुण्याचं पत्र पेठेत कोणी घ्यायचं नाही, असं ठरवायला तालमीत सभा भरली आणि अध्यक्ष म्हणून आबांना नेलं. मी तिथं नव्हते. पण गफूरचाचांनी पुढं मला ही हकिगत इतक्या वेळा सांगितली की मला ती पाहिल्यासारखीच वाटते.

वस्ताद म्हणाले, "जमादार, ते पुण्याचं पत्र बंद करायचं हाय. तुमी व्हय म्हना, की झालं."

"का म्हणून?" आबांनी विचारलं. "त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"धन्याला वाईट लिवतंय न्हवं!"

आबा तडकले. वस्तादांच्या कानावर पत्र जायचं तेही आमच्याच सोप्यावर, त्यामुळे ते बिचारे ऐकीव गोष्टीवरच बोलत होते. "कुणी सांगितलं? दर आठवड्याला ऐकतोय की मी. एक शबुद वाकडा न्हाय त्यात. तुमी बी माझ्या शेजारीच बसतासा न्हवं? उगं कुणाचं तरी ऐकायचं आणि दंड थोपटत सुटायचं, ही काय रीत हाय?"

तेव्हा शाळेतला एक मुलगा पुढं झाला. त्यानं खिशातून पत्र काढलं आणि वाचायला सुरुवात केली. चारदोन ओळी झाल्यावर आबांनी हात वर केला. "थांब. हे कुठल्या गावचं पत्र म्हणायचं?"

"पुण्याचंच हाय, आबा. ह्याच आठवड्याचं."

"कसं असंल?" आबा म्हणाले. "ह्या आठवड्याला तर मद्रासला वादळ झालंय."

आधी कोपऱ्यातलं कोणी तरी हसलं. मग सगळी तालीम हसली. ज्या माणसाची दोन वाक्यं पेठ तोंडपाठ करायची, तो माणूस मधोमध बसला होता आणि लोक का हसतायत हे त्याला दिसत नव्हतं. गफूरचाचा तेवढे हसले नाहीत. त्यांनी आबांचा हात धरला आणि घरी आणलं.

आबा सोप्यावर बसले. "सूनबाई, परवाचं पत्र घे. हाय तसं वाच."

काकींनी वाचलं. दारामागून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता. आम्ही सगळे आबांकडे बघत होतो, आता पडतील, मग पडतील. ते पडले नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कवापासनं?"

"तुमी पडलासा तवापासनं, मामंजी."

"आणि मद्रास?"

"न्हवतं, मामंजी."

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. "डोळ्यांनी आंधळा झालतोच की मी. तू मला कानांनी बी आंधळा केलास." आणि मग, "उद्यापासनं पत्र बंद."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सोपा ओस पडला. काकी कामं करायच्या, बोलायच्या, वर वर सगळं पूर्वीसारखंच. पण वाण्याकडून हिंग, सुपारी, काहीही आलं की त्याची पुडी त्या अलगद सोडायच्या, कागद मांडीवर ठेवून हातानं सरळ करायच्या आणि वाचायच्या. अर्धा फाटलेला, तेलाचा डाग पडलेला, कुठल्या साली छापलेला कोण जाणे. वाक्य मध्येच तुटलं की कागद उलटा करून बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "बघ की गं, कुठल्या तरी गावात कुणाला तरी धरलंय. सोडलं का न्हाय, ते दुसऱ्या तुकड्यावर ऱ्हायलं." एवढी धीराची बाई, पण ते सांगताना रडली.

कोंडी फोडली ती गफूरचाचांनी. एक दिवस ते पुण्याचं पत्र काखेत मारून सोप्यावर आले. त्या सभेनं शेवटी पेठेत बंदी घातलीच होती, तरी ते दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत आले.

"जमादार, टेशनावरनं पत्र आणलंय."

"मला नको."

"तुमाला देतंय कोण? मला ऐकायचं हाय. मला काय वाचाय येतंय व्हय? पेठंत ह्या घरासारखं वाचणारं दुसरं कोण असंल तर सांगा, तिकडं जातो."

आबांनाही करमत नव्हतं, हे काय आम्हाला दिसत नव्हतं? मग त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "सूनबाई, बाहेर ये."

कोणाला काही उमगेना. माझे वडील म्हणाले, "आबा, बाहेर? लोक काय म्हणतील?"

"लोक तालमीत हसलं. आता आणि काय म्हणायचं ऱ्हायलंय त्यांचं? दारामागं काय वाचत्यात ते मला कळत न्हाय. हितं उजेडात बसून वाचू दे. ज्याला अक्षर येतंय त्यानं मागनं बघावं."

आतून काकी म्हणाल्या, "एक अक्षर गाळणार न्हाय मी. पण परत पडलासा तर?"

"पडलो तर पडलो. ऐकून पडंन."

काकी बाहेर आल्या. पदर नाकापर्यंत ओढलेला, हातात पाट. तो त्यांनी आबांपासून हातभर अंतरावर ठेवला आणि त्या बसल्या. सोप्यावर माणसांदेखत पाय ठेवायची त्यांची ती पहिलीच वेळ. पुढं मी स्त्रियांच्या उद्धाराची पुष्कळ भाषणं ऐकली, टाळ्याही वाजवल्या. पण माझ्या काकी दाराबाहेर आल्या त्या कोणाच्या भाषणानं नव्हे, सासऱ्याचा विश्वास उडाला म्हणून आल्या. आणि तेही पत्रापुरतं. वाचून झालं की पाट उचलायचा, आत जायचं, दार लावून घ्यायचं.

पेठ बोलायची तेवढी बोलली. जमादाराचं डोकं फिरलं, सून सोप्यावर बसवली आणि वर धन्याच्या वैऱ्याचं पत्र वाचतोय. सोप्यावर फक्त गफूरचाचा यायचे. मग हळूहळू समोरच्या रस्त्यावर माणसं थांबायला लागली, कोणी वहाणेचा अंगठा नीट करायला, कोणी वाट चुकलेली शेळी बघायला. वस्ताद तर आमच्या घराकडे पाठ करून उभे राहायचे, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे. ते कोणीतरी कधी आलं नाही, पण पत्र संपेपर्यंत वस्ताद हलायचे नाहीत. शेवटी आबाच एकदा म्हणाले, "वस्ताद, पाय मोडून घेऊ नका. वर या."

आता घरात दोन पत्रं यायची, पुण्याचं आणि कोल्हापूरचं. दोन्ही सगळी वाचायची. आबा चिडायचे, पण चिडून भांडायला लागले, आणि भांडताना कोसळायचं विसरले. कचेरीत गरीब माणसाला दिवसच्या दिवस ताटकळत बसावं लागतं, असं पुण्याच्या पत्रानं लिहिलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस. आबा म्हणाले, "हे मातुर खरं बोललाय हां. मी बसलोय तितं." आणि शिकणाऱ्या पोरांच्या वसतिगृहांवर दरबार पैसा उधळतो, असं आलं तेव्हा म्हणाले, "हे खोटं. कोडोलीची पोरं ऱ्हात्यात तितं, सूनबाईच्या गावची. माझ्या पाया पडून गेल्यात." कोल्हापूरच्या पत्रानं फारच गोड लिहिलं तर त्यालाही सोडायचे नाहीत. "एवढं तूप घोड्याला बी सोसत न्हाय." त्यांची दोन वाक्यं आता पेठ आधीसारखी निमूट उचलायची नाही; उलट विचारायची, वाद घालायची. आबांचा मान त्यानं कमी झाला असेल, पण सोप्यावर मजा जास्त यायला लागली.

काकींना जाऊनही आता वर्षं झाली. त्यांच्या खूप गोष्टी सांगता येतील, पण त्या म्हटलं की मला एकच संध्याकाळ दिसते.

आबांचा तो शेवटचा उन्हाळा. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. आबा अंथरुणाला खिळलेले, आतल्या खोलीत. आणि महाराज गेले. बाहेरगावी असतानाच गेले. गावाला जे झालं ते मी काय सांगू? चुली पेटल्या नाहीत. वडिलांनी आम्हा सगळ्यांना बजावलं, आबांना कळता कामा नये. शेवटचं नेलं त्या दिवशी सगळं कोल्हापूर रस्त्यावर होतं, आणि आमच्या घराची दारंखिडक्या बंद करून काकी आबांच्या उशाशी बसल्या होत्या. आबांनी विचारलं, "आज तालमीत शड्डू का वाजंना?" वडील म्हणाले, "उन्हाळा हाय, पोरं गावी गेल्यात."

मग पत्रं आली. वडिलांनी ती फडताळात टाकली. काकी त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, पत्रं द्या."

"वयनी, आबा जातील."

"मला बाहेर कशासाठी बसवलं, ते तुमी बी ऐकलंय. पत्र आलं की वाचायचं, असं कबूल केलंय मी."

वडिलांनी फडताळ उघडून पत्रं दिली. काकींनी आबांना उशीला टेकवून बसवलं. "मामंजी, पत्र आलंय. बातमी वाईट हाय. लई वाईट." आबा म्हणाले, "वाच." त्यांनी वाचलं. आधी कोल्हापूरचं, मग पुण्याचं, आहे तसं. दोनतीनदा त्यांचा आवाज चिरकला, पण त्या थांबल्या नाहीत. आबांच्या त्या विझलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, मामंजी."

"हे पत्रांचं झालं. तुला काय वाटतंय?"

एवढी वर्षं पेठ त्या आवाजावर मतं बनवत आली, पण त्या आवाजाला काय वाटतं, हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. काकींनी पत्राची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"काय सांगू, मामंजी? काही चुकलं असंल, पुष्कळ चांगलं केलं. ते सगळं मी वाचलंय. पण मी त्यांना कधी बघितलंच न्हाय."

महाराजांची गाडी हमरस्त्यानं जायची. आम्ही पोरं, बाप्ये, मोळीविक्या बायका, सगळे धावत जाऊन बघून यायचो. आमचं घर आत, गल्लीत. काकींना कोण नेणार? ज्या माणसासाठी त्यांनी खोटं वाचलं, खरं वाचलं, रात्रंदिवस मनात वाद घातला, तो हाकेच्या अंतरावरून रोज जात होता.

"परवा नेलं, तवा बी हितंच बसलोतो," काकी म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं सांगितलं.

बाईनं बाहेर पडायचं नाही, हा घराचा नेम आबांचाच होता. मग त्यांनी चाचपडत काकींच्या पाटावर हात ठेवला. "जवळ सरक. सांगतो."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. ह्या आपल्या दारातून आत यायचं झालं असतं तर धन्याला वाकावं लागलं असतं, एवढे उंच. पहाटे पागेत यायचे, कोणाला न सांगता. घोड्याच्या मानेवर हात ठेवून आधी घोड्याशी बोलायचे, मग माणसांशी. काकी मध्ये मध्ये विचारत होत्या. आवाज कसा होता? हसायचे का? आबा आठवून आठवून उत्तर देत होते, आणि आठवलं नाही तर तसं सांगत होते. मी तान्ह्या लेकराला घेऊन दारात उभी होते. काकींच्या डोक्यावरचा पदर मागं सरकला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्या बघत होत्या.